मोबाइल नसलेल्या वर्गात क्विझ: माझा अनुभव

सातवीच्या वर्गात कहूट, म्हणजे मोबाइलवर रंगीत बटणं दाबून उत्तरं द्यायची ऑनलाइन क्विझ, घ्यायचं म्हटलं की पहिली अडचण फोनची. चार-पाच पोरांकडे घरचे मोबाइल, बाकीची खांद्यावरून डोकावणार. त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, म्हणून प्रश्न न वाचताच लाल-निळं दाबायची घाई!

मग प्लिकर्स या क्विझ-ॲपकडे वळलो. मुलांच्या हातात फक्त कागदी कार्ड. प्रत्येकावरची काळी-पांढरी आकृती निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून लिहायची सोय नाही. चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. हवी ती बाजू वर धरायची. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि उत्तरं नावानिशी नोंदली जातात.

मागच्या बाकांवरची कार्डं मात्र टिपलीच जाईनात. कारण चकचकीत लॅमिनेशन. खिडकीचा उजेड त्यावर लखलखायचा. जाड, बिनचमकीच्या कागदावर पुन्हा प्रिंट काढल्या, बोटं आकृतीवर न ठेवता कडेला धरायला सांगितलं. काम झालं.

खरी गंमत पुढे. ‘३/४ मोठा की ५/८?’ बरीच कार्डं ५/८ कडे. का? "सर, ५ आणि ८ मोठे आहेत ना!" अशा वेळी उत्तर सांगत नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणतो, वर्गात कल्ला होतो, मग परत कार्डं वर. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी भौतिकशास्त्राच्या तासाला रुजवलेलीच ही रीत. एकीने वहीत पोळीचे आठ तुकडे काढून शेजारणीला गप्प केलं.

कोण चुकलं ते पडद्यावर दाखवत नाही, माझ्या फोनपुरतंच ठेवतो.