वॉर्डाचा हिरवा नकाशा कसा काढावा: विहिरी मे महिन्यातच बघा

कल्हईवाला कुठे बसतो, मोडकी छत्री कोण नीट करून देतो, कुठल्या आळीतली बाव, म्हणजे विहीर, बारमाही आहे, हे रत्नागिरीत कुणा ना कुणाला ठाऊक असतंच. पण सगळं एकाच माणसाला ठाऊक नसतं. ते एका नकाशावर आणायचं, हाच हिरवा नकाशा, एवढंच काम. डिझायनर वेंडी ब्रॉअर यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कचा असा नकाशा काढला, आणि १९९५ पासून ‘ग्रीन मॅप’ या नावाने ही पद्धत बाहेरच्या शहरांत गेली. पद्धत त्यांची घ्या, यादी मात्र इथलीच करा.

हद्द ठरवा. अख्खं शहर अंगावर घेऊ नका. एका सकाळी पायी फिरून होईल एवढाच भाग निवडा.

यादी करा. सार्वजनिक विहिरी, वहाळ (ओढे), मोठी झाडं, दुरुस्तीवाले, भंगारवाले, गांडूळखत विकणारे, पावसात टाकळा-भारंगीसारख्या रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांची जागा. दुरुस्तीवाल्यांना माझ्या मते बागेपेक्षा वरचा मान द्यावा; मिक्सर दुरुस्त झाला की कचरा तेवढा कमी. भाट्याच्या खाडीलगतचं कांदळवन एका ठिपक्यात दाखवू नका, त्याची कड चालत जाऊन पट्टा काढा.

फिरा, आणि विचारा. जोडी अशी करा: एकाला फोन कळतो, दुसऱ्या व्यक्तीने त्या आळीत पाणी भरलेलं आहे. “काकी, ही बाव मेमध्ये आटते का?” या एका प्रश्नाला जे उत्तर मिळतं ते कुठल्याही ॲपमध्ये नाही. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण इथला जांभा दगड सच्छिद्र. पाणी झिरपून उताराने निघून जातं. म्हणून श्रावणात काठोकाठ दिसणारी विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. पावसाळ्यात काढलेला पाणवठ्यांचा नकाशा लोकांना फसवतो. पहिली फेरी मेमध्ये, दुसरी ऑगस्टमध्ये करा.

वहीत प्रत्येक नोंदीला जागा, वापर, कोण सांभाळतं, कधी बंद किंवा कोरडं असतं, आणि तपासल्याची तारीख हे रकाने ठेवा. पाणी पिण्याजोगं आहे असं नुसतं बघून लिहू नका. तपासणी झाली नसेल तर ‘वापराचं पाणी’ एवढंच लिहा. दाट आंबा-फणसाखाली फोनचा ठिपका सरकतो, तेव्हा मोकळ्यावर येऊन जागा घ्या आणि झाडापर्यंतचं अंतर लिहून ठेवा.

काय दाखवायचं नाही तेही ठरवा. कुणाच्या परसातली विहीर विचारल्याशिवाय नको. कासवांची घरटी आणि अळंबी उगवण्याच्या जागा अजिबात नकोत; ठिपका पडला की माणसांची रीघ लागते. देवराईबद्दल आधी गावकर-मानकऱ्यांशी बोला, ते नको म्हणाले तर विषय संपला.

नकाशावर चढवा. कायमच्या गोष्टी, म्हणजे विहीर, वहाळ, कांदळवन, ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावर टाका. तिथे विहीर हंगामी असल्याची खूण आणि नोंद तपासल्याची तारीखही जोडता येते. गूगल मॅप्सवरून नावं किंवा ठिकाणं उतरवून तिथे टाकायची नाहीत, नियमाने ते चालत नाही. छत्रीवाला, भाजीवाल्या यांच्या जागा बदलतात. त्यांच्यासाठी यूमॅप या नकाशे बनवायच्या वेबसाइटवर वेगळा थर करा. त्याची पार्श्वभूमी ओपनस्ट्रीटमॅपचीच असते आणि थर बदलायला सोपा पडतो.

छापा. ऑगस्टची फेरी आटोपली की गणपतीआधी छापून घ्या. चाकरमानी घरी आलेले असतात, निर्माल्य कुठे द्यायचं हे तेव्हाच विचारलं जातं. एक मोठी प्रत वाचनालयात आणि एक किराणा दुकानाबाहेर लावा, शेजारी दोरीला पेन बांधा. लोक खोडून दुरुस्त्या करतील, त्या दर महिन्याला कोण उतरवून घेणार त्याचं नाव प्रत लावण्याआधीच ठरवा.