रांगेपर्यंत न पोचलेली माणसं: विस्थापितांच्या मदतकार्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी

युद्धामुळे घरदार सोडावं लागलेल्या माणसांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं नवीन मुलं-मुली मला विचारतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: तंबू, ट्रकमधून उतरणारी पोती आणि पुढे आलेले हात. मी स्थापत्य अभियंता. पाणी आणि स्वच्छतेच्या कामातून या क्षेत्रात आले आणि इथेच रमले. आजवरच्या अनुभवातून मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधीच सांगते. रांगेत उभा असलेला माणूस कुणालाही दिसतो. रांगेपर्यंत पोचूच न शकलेला माणूस शोधून काढायला शिकावं लागतं, आणि चांगला मदत कर्मचारी तिथेच ओळखू येतो.

आधी थोडं आकड्यांकडे बघू, कारण तेही हेच सांगतात. यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात सक्तीने विस्थापित झालेली माणसं १२ कोटी ३२ लाख होती. यातल्या सुमारे ७ कोटी ३५ लाख माणसांनी स्वतःच्या देशाची सीमा ओलांडलेलीच नव्हती. हा फरक कामाच्या पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्का हवा. सीमा ओलांडली की माणूस निर्वासित ठरू शकतो आणि १९५१ चा निर्वासितविषयक करार मानणाऱ्या देशांत तो करार त्याच्या पाठीशी असतो. देशातच राहिला तर त्याची जबाबदारी त्याच्याच सरकारवर, आणि पुष्कळदा ते सरकार स्वतःच लढाईतला एक पक्ष असतं. अशा लोकांसाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती कराराइतकी बंधनकारक नाहीत. आफ्रिकेतल्या देशांनी २००९ मध्ये देशांतर्गत विस्थापितांसाठी बंधनकारक असा कंपाला करार करून एक पाऊल पुढे टाकलं, तो २०१२ पासून लागू झाला.

शिवाय विस्थापितांपैकी पुष्कळ जण छावणीत नसतातच. नातेवाइकांकडे, शाळेच्या वर्गात, अर्धवट बांधलेल्या इमारतीत, भाड्याच्या एका खोलीत तीन कुटुंबं, असे ते विखुरलेले असतात. छावणी नकाशावर दिसते, तिथे गाडी जाते, तिथे फोटो निघतात. बाहेरच्यांचं काय, हा प्रश्न बैठकीत कुणीतरी मुद्दाम काढावा लागतो. तुम्ही नवीन असलात तरी काढा.

आता माझ्या कामाकडे येते. मदतकार्यात किमान किती द्यायचं याची मानकं ठरलेली आहेत, त्यांना स्फिअर मानकं म्हणतात. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, पाण्याचं ठिकाण निवाऱ्यापासून ५०० मीटरच्या आत, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जाऊ नये. दहा हजारांच्या वस्तीला म्हणजे रोज दीड लाख लिटर. टँकर दहा हजार लिटरचा असेल तर रोज पंधरा खेपा. त्यातच एखादा रस्ता गोळीबारामुळे बंद झाला की संध्याकाळपर्यंत टाकी कोरडी. हा हिशेब तोंडपाठ हवाच.

पण हिशेब जुळला म्हणजे काम झालं असं नाही. एका छावणीत माणशी सरासरी पाणी कागदावर अगदी व्यवस्थित दिसत होतं. मी आणि आमची स्थानिक सहकारी एका नळकोंडाळ्यापाशी सकाळभर नुसत्या बसून राहिलो. उजाडायच्या आत पिवळे वीस लिटरचे कॅन रांगेत लागलेले, प्रत्येकाच्या मुठीला ओळखीसाठी रंगीत चिंधी बांधलेली. कॅनचा धनी सावलीत बसलेला, नंबर जवळ आला की उठून यायचा. गर्दी ओसरल्यावर एक म्हातारी आली, खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घेऊन. घरात ती आणि दोन नातवंडं. भरलेला वीस लिटरचा कॅन वीस किलोचा. तो तिला उचलवत नव्हता आणि कॅन वाटपाच्या दिवशी ती तापाने पडून होती, त्यामुळे तिच्याकडे कॅनच नव्हता. दिवसातून दोन खेपा, म्हणजे तिघांत मिळून दहा लिटर. आमच्या तक्त्यात मात्र तिच्या वाट्याचं पाणी टाकीत भरलेलं होतं. टाकी, पंप, क्लोरीन सगळं ठीक होतं. कमी पडत होती ती दोन लहान भांडी आणि ती उचलून नेणारा एखादा शेजारी. दोन्हींची सोय त्याच आठवड्यात झाली. त्यानंतर दर वाटपानंतर न आलेल्यांची यादी घेऊन घरोघर जायचं, हा आमच्या कामाचा नेमच होऊन गेला.

शौचालयांचंही तसंच. अगदी सुरुवातीच्या धांदलीत पन्नास माणसांमागे एक चालवून घेतात, पुढे वीस माणसांमागे एक हवं. बायकांसाठी वेगळी हवीत, आणि पुरुषांपेक्षा जास्त. आतून कडी हवी. पण संख्या पूर्ण झाली तरी बायका ती वापरतात का, हे बायकांनाच विचारावं लागतं, तेही पुरुष आसपास नसताना आणि बाईनेच. एका ठिकाणी दिवे शौचालयांवर लावले आणि तिथवरची वाट अंधारातच राहिली. बायका संध्याकाळनंतर पाणी प्यायचंच बंद करायच्या. हे कुठल्याही तक्त्यात येत नाही.

या मानकांमागे एक भयंकर इतिहास आहे आणि तो प्रत्येक नवख्याने वाचलाच पाहिजे. जुलै १९९४ मध्ये रवांडातून पाच ते आठ लाख माणसं काही दिवसांत सीमेपलीकडच्या झाईरमधल्या (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमा परिसरात आली. जमीन ज्वालामुखीच्या टणक खडकाची, शौचखड्डे खणता येईनात. प्यायला किवू सरोवराचं पाणी. कॉलरा आणि हगवण पसरली आणि पहिल्याच महिन्यात सुमारे पन्नास हजार माणसं गेली. मदतीला आलेल्या संस्था शेकड्याने होत्या, पण किमान काय द्यायचं यावर एकमत नव्हतं. त्या अनुभवातूनच १९९७ मध्ये स्फिअरचं काम सुरू झालं.

गोमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. त्याआधी रवांडात ज्यांनी तुत्सी जमातीचा वंशसंहार घडवला त्यांच्यापैकीच अनेक जण छावण्यांचे म्होरके बनले आणि शिध्याच्या याद्या त्यांच्या हातात गेल्या. आपली मदत मारेकऱ्यांना बळ देतेय, हे पाहून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेच्या फ्रेंच शाखेने १९९४ च्या अखेरीस तिथून काढता पाय घेतला. असा निर्णय घ्यावा की नाही यावर आजही या क्षेत्रातली अनुभवी माणसं भांडतात. माझं मत विचाराल तर, यादी कोण बनवतं हा प्रश्न कुठल्याही वाटपाआधी विचारलाच पाहिजे. गावच्या पुढाऱ्याकडून तयार यादी मिळाली की काम झटकन होतं, पण मग अल्पसंख्य जमातीचं कुटुंब, एकटी राहणारी बाई, अंथरुणाला खिळलेला माणूस आपोआप गळतो. नवऱ्याच्या नावावर नोंदलेलं कार्ड आणि नवरा बेपत्ता, अशा किती बायका नोंदणीच्या टेबलावरून परत पाठवल्या जातात हे नव्या माणसाने डोळे उघडे ठेवून पाहावं. आणि एकदा यादी तयार झाली की ती जिवापाड जपावी. कोण कुठून आला, कुठल्या जमातीचा, हे चुकीच्या हातात पडलं तर माणसं मरतात.

सध्याच्या काळातलं उदाहरण सुदानचं. लष्कर आणि एक निमलष्करी दल यांच्यातल्या एप्रिल २०२३ पासूनच्या लढाईने एक कोटीहून जास्त माणसं उठवली. ऑगस्ट २०२४ मध्ये देशाच्या पश्चिमेकडच्या दारफूर प्रांतातल्या अल फाशेर शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचं अधिकृतरीत्या जाहीर झालं. धान्य जगात होतं, पण अल फाशेरला पडलेल्या वेढ्यामुळे छावणीपर्यंत पोचत नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये त्या छावणीवरच हल्ला झाला आणि लाखो माणसं पुन्हा एकदा वाटेला लागली. जिथे मोठ्या संस्था जाऊ शकल्या नाहीत तिथे सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली ती सुदानी तरुणांच्या आपत्कालीन प्रतिसाद गटांनी. म्हणून बाहेरून येणाऱ्याने आपण कुणाला तरी शिकवायला आलोय असं मनात आणू नये. तिथली माणसं आधीपासून काम करत असतात. त्यांना पैसा, सुटे भाग आणि वेळेवर उत्तर हवं असतं.

निःपक्षपातीपणा आणि तटस्थता हे शब्द मुलाखतीपुरते पाठ करू नका. चेकनाक्यावरचा बंदूकधारी तुमची गाडी सोडतो, कारण तुम्ही दोन्ही बाजूंच्या जखमींना पाणी देता हे त्याने ऐकलेलं असतं. तुमची समाजमाध्यमांवरची एखादी पोस्ट तो विश्वास घालवू शकते आणि त्याची किंमत तुमचा स्थानिक ड्रायव्हर मोजतो.

आता करिअरचं. या क्षेत्रासाठी वेगळी पदवी लागतेच असं नाही. नर्स, पाणीपुरवठा अभियंता, हिशेबनीस, गोदाम सांभाळणारा, वाहनांची व्यवस्था बघणारा, आकडेवारी हाताळणारा, समुपदेशक, वकील, सगळे लागतात. दोन-तीन वर्षं आपल्या विषयाचं पक्कं काम आधी करा, मग अर्ज करा. नुसत्या सद्भावनेने आलेला माणूस छावणीवर भार होतो. भाषांमध्ये इंग्रजीबरोबर फ्रेंच किंवा अरबी शिकलात तर दारं उघडतात. स्फिअरचा अभ्यासक्रम आणि संयुक्त राष्ट्रांचा बीसेफ हा सुरक्षेचा अभ्यासक्रम ऑनलाइन मोफत मिळतात, ते करून टाका. कोबो टूलबॉक्स या मोबाइलवरून माहिती गोळा करायच्या साधनावर सर्वेक्षण बनवायला शिका, पहिल्याच महिन्यात उपयोगी पडेल. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम हाही आत शिरण्याचा चांगला मार्ग आहे.

कामाची वाटणी कशी होते तेही समजून घ्या. २००५ पासून मदत संस्थांचे विषयवार गट आहेत: पाणी-स्वच्छता आणि पोषणाचा समन्वय युनिसेफकडे, आरोग्याचा जागतिक आरोग्य संघटनेकडे, संरक्षणाचा यूएनएचसीआरकडे, वाहतुकीचा जागतिक अन्न कार्यक्रमाकडे. निर्वासितांच्या बाबतीत मात्र सगळा समन्वय यूएनएचसीआरच बघते.

नोकऱ्यांची परिस्थिती आत्ता कठीण आहे आणि हे लपवण्यात अर्थ नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत मोठ्या प्रमाणात कापली, इतर काही देशांनीही हात आखडला, आणि अनुभवी माणसंसुद्धा घरी बसली. धोकाही खरा आहे: २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, त्यातले बहुतेक स्थानिक.

एका बाबतीत मात्र कुठलीही सवलत नाही. मदत मोफत असते. तिच्या बदल्यात कुणी पैसा, काम किंवा शरीर मागत असल्याची कुणकुण जरी लागली, तरी तक्रार करणं तुमचं कर्तव्य आहे, मग समोर तुमचा साहेब का असेना. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांतून असे प्रकार उघड झाले, आणि ज्या मुलींवर ते गुदरले त्यांना तक्रार कुठे करायची हेच ठाऊक नव्हतं. पोचल्या पोचल्या तक्रारीची सोय कुठे आहे ते बघून घ्या, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलीला ती वापरता येईल का ते तपासा.

मुलाखतीत शेवटी तुम्हालाही प्रश्न विचारायला सांगतात. पगारासोबत हेही विचारा: परिस्थिती बिघडली तर बाहेर काढायची योजना कुणाकुणासाठी आहे? स्थानिक कर्मचाऱ्यांना तोच विमा, तीच गाडी मिळते का? सक्तीची विश्रांतीची रजा किती आठवड्यांनी? मानसिक आधारासाठी कुणाशी बोलायचं? स्थानिक कर्मचाऱ्यांचा प्रश्न टाळणारी संस्था दिसली तर मी तिथे गेले नाही, तुम्हीही जाऊ नका.