शार्क पाळायचाय? आधी टाकीचं माप बघा

सोलापुरात मत्स्यालयाच्या दुकानात जाऊन शार्क दाखवा म्हणलं की दोन-तीन इंचाचे काळे-रुपेरी चकचकीत मासे पुढं येतात, नाहीतर पांढरे लाल डोळ्यांचे, आणि मग आपण पण दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी आणि शार्कची जोडी घेऊन रिक्षात बसतो. मासा मोठा झाल्यावर केवढा होणार हे कुणी विचारत नाही, आणि टाकीचं माप तर त्यावरच ठरतं बे.

हे शार्क नाहीतच मुळात. काळा-रुपेरी म्हणजे पंगासियस, पांढरा पण बहुतेक त्याचाच रंग, मागूरच्या भावकीतला, हॉटेलात बासा म्हणून जो तुकडा येतो तो बहुतेक वेळा हाच. तो चार फुटांपर्यंत जातो, वजन 40 किलोच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. त्यात घाबरट इतका की लाइट पटकन लावली किंवा दार आपटलं की सुसाट सुटतो आणि काचेवर आदळतो, दुकानात नीट बघा, दोन-चार जणांचं नाकाडं सोलून पांढरं पडलेलं दिसेलच. याच्यासाठी कुठल्या मापाची टाकी घेऊ असं विचाराल तर कुठल्याच नाही, घेऊच नका.

मग घरात काय जमतं? रेड टेल शार्क नाहीतर रेनबो शार्क. दोन्ही पाच-सहा इंचाचे होतात, पण भांडकुदळ आहेत, दोघांतला एकच ठेवायचा आणि तो पण एकटा, जातभाई दिसला की पळवून पळवून मारतो. एका माशाला चार फुटी टाकी म्हणलं की लोकांना जास्त वाटतं, पण त्याला तळाशी आपला इलाका लागतो, दोन-तीन दगडांच्या कपारी लागतात, बाकीचे मासे त्यातून लांब राहिले पाहिजेत. बाला शार्क दिसायला देखणा, तो फूटभर-सव्वा फूट होतो आणि चार-पाच जणांच्या घोळक्यात राहतो, त्याला सहा बाय दोन बाय दोनच्या खाली विचारच करू नका. उड्या मारतो, म्हणून झाकण पक्कं हवं.

हिशोब सोपा आहे, लांबी रुंदी उंची फुटात गुणायची आणि त्याला 28 नं गुणायचं की लिटर निघतात. चार बाय दीड बाय दीड म्हणजे साधारण 250 लिटर, सहा बाय दोन बाय दोन म्हणजे 670. दोन बाय एक बाय एक? जेमतेम 56. आणि दुकानदार उंच टाकी गळ्यात मारायला बघतो तेव्हा फसू नका, हे मासे आडवे पळतात, त्यांना लांबी-रुंदी पाहिजे, उंची आपल्या डोळ्यासाठी असते.

आता वजन. चार फुटी टाकीत नुसतं पाणीच अडीचशे किलो, त्यात काच आणि दगड-वाळू धरली की सव्वातीनशेच्या पुढं. तळमजल्यावर काही नाही, पण जुन्या घरातल्या लाकडी माडीवर असलं काही ठेवायचं नाही, स्लॅब असेल तरी भिंतीला लागून, शक्यतो बीमवर. खाली थर्माकोल घाला, चार फुटीला काच 10 मिलीमीटर मागा.

पण आपल्याकडं खरं माप बादलीनं ठरतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, म्हणजे चार फुटीला साठेक लिटर, तीन-चार मोठ्या बादल्या, सहा फुटीला 170 च्या आसपास. तुमच्या भागात नळ तीन-चार दिवसाआड येत असेल तर हौदातलं तेवढं पाणी घरचे माशाला देऊ देतील का हे आधी घरी विचारा! ते पाणी तसंच ओतायचं नाही, अँटी-क्लोरीन टाकूनच. उन्हाळ्यात पारा 43 च्या वर गेला की छोटी टाकी लगेच तापते, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यात लाइट गेली की एअर पंप बंद. मोठी टाकी हळू तापते, म्हणून दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या, आणि पंप इन्व्हर्टरवर टाका.

खरा शार्क, म्हणजे बांबू शार्क वगैरे, समुद्राच्या पाण्यातला. लहान म्हणलं तरी तीन फुटांच्या आसपास जातो, हजार-दीड हजार लिटरच्या पुढची टाकी, खारं पाणी बनवायचं, उन्हाळाभर ते चिलरनं थंड ठेवायचं. लाखांतलं काम आहे, सोडून द्या.

आणि घरात आधीच पंगासियस वाढून बसला असेल तर रात्री गुपचूप सिद्धेश्वर तलावात नेऊन सोडू नका, तिथल्या माशांच्या मुळावर येतो. दुकानवाला परत घेतो का बघा, नाहीतर ओळखीत कुणी शेततळ्यात आधीपासून पंगासियस पाळत असेल तर त्याला द्या, फक्त तळ्याचं पाणी भरून ओढ्यात जात नाही ना तेवढं विचारून घ्या.