रंकाळ्याचं हिरवं पाणी आणि पाणपिसवा: प्रयोग करताय? मग या चुका टाळा

ऊन तापायला लागलं, कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर हिरवी साय धरली, की माझ्या दारात कोण ना कोण बाटली घेऊन उभा राहतोच. कुणाचा बीएस्सीचा प्रोजेक्ट असतो, कुणाच्या पोराचं विज्ञान प्रदर्शन. प्रयोग ठरलेला: हिरव्या पाण्यात पाणपिसवा सोडायच्या, कशा वागतात ते बघायचं आणि 'शेवाळाच्या विषाचा परिणाम' म्हणून तक्ता रंगवायचा. विषय झकास आहे. पण "सर, पिसवा मेल्या, म्हणजे विष आहेच की" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

नवीन माणसासाठी दोन शब्द. पाणपिसू म्हणजे डॅफ्निया किंवा तिची चुलत बहीण मोइना. आकार मिलिमीटर-दोन मिलिमीटर, अंग पारदर्शक, पाणी गाळून त्यातलं बारीक शेवाळ खाणारी. आपल्या उन्हाळ्यात मोइना जास्त टिकते, फिश टँकवाल्यांकडे मिळतेही. आणि ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया. सायीत बहुतेकदा मायक्रोसिस्टिस सापडतं आणि त्याच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष करतात. काही जाती करत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात, तेव्हा "मी बघितलं, विषारी होतं" असं कुणी म्हणू नये.

गळ्यापर्यंत भरलेली बाटली

दोन वर्षांपूर्वी एक पोरगा आला. हुशार, पण घाई अशी की चहा गार व्हायची वाट बघवत नव्हती. मोबाइल पुढं केला. व्हिडिओत सगळ्या पिसवा पाण्याच्या वरच्या बोटभर थरात गर्दी करून होत्या, खाली एक नाही.

"सर, विषानं वागणूकच बदलली बघा. सगळ्या वर येतात."

"पाणी कधी आणलंस?"

"काल संध्याकाळी. हे बघा, एक लिटरची बाटली, एक थेंब सांडला नाही."

सांडणार कसा? गळ्यापर्यंत भरून, टोपण आवळून, ती बाटली रात्रभर स्कूटरच्या डिकीत होती. हिरवं पाणी दिवसा ऑक्सिजन सोडतं हे सगळ्यांना पाठ असतं. अंधारात तेच शेवाळ आणि त्यातले जिवाणू ऑक्सिजन खातात, हे परीक्षेपुरतं आठवतं. सकाळपर्यंत बाटलीत श्वास घेण्याजोगं फारसं काही उरलेलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरातून स्टीलची दोन भांडी आणली आणि त्याचंच पाणी चहावाल्यासारखं उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात दहा-बारा वेळा ओतलं. मग त्याच्या टाकीतल्या ताज्या पिसवा त्यात सोडल्या. अर्ध्या तासात त्या वरपासून तळापर्यंत पसरून नेहमीसारख्या टुणटुण उड्या मारत होत्या. पोरगा गप्प. थोड्या वेळानं म्हणाला, "मग सर, विष?"

विष असेलही. पण त्यानं जे बघितलं ते गुदमरणं होतं. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात डॅफ्निया काही दिवस राहिली तर हिमोग्लोबिन वाढवून चक्क लालसर दिसायला लागते. तेही मग कुणीतरी 'विषाचा रंग' म्हणून वहीत लिहितं.

माझी सवय सांगतो. रुंद तोंडाचा डबा, अर्धाच भरायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीतून आणायचा आणि त्याच दिवशी वापरायचा. हवेचा पंप लावायचा तर पिसवा सोडण्याआधी. नंतर लावलात तर बारीक बुडबुडे त्यांच्या कवचाखाली शिरतात आणि बिचाऱ्या बुचासारख्या तरंगत राहतात.

एका बरणीत नळ, दुसरीत तळं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एकीकडे नळाचं पाणी, दुसरीकडे तळ्याचं, आणि दोन्हीतला फरक म्हणजे विष! अरे, या दोन पाण्यांत फरक किती आहेत ते मोज की. भर दुपारी दाट साय असलेल्या पाण्याचा पीएच ९ च्या वर जातो आणि त्या पीएचला पाण्यातला अमोनिया जास्त घातक होतो. तळ्यात मासे असतात. माशांचा वास लागलेल्या पाण्यात डॅफ्निया उजेड टाळून खाली जाते, विषाचा थेंब नसला तरी. पाणी गढूळ असतं. आणि मायक्रोसिस्टिसचे चिकट गोळे खायलाच अवघड, म्हणजे उपासमार वेगळीच.

या शेवटच्या गोष्टीवर कुणी विचार करत नाही म्हणून जरा थांबतो. मायक्रोसिस्टिसची एक जात घेऊन, तिच्यातला विष बनवणारा जनुक मोडून, तिचं बिनविषाचं भावंड प्रयोगशाळेत तयार केलं गेलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दोन्ही डॅफ्नियाला खायला घातली. मेल्या त्या फक्त विषारी जातीनं. पण खाणं मंदावलं ते दोन्ही जातींनी! म्हणजे पिसू सुस्त झाली, खाईना झाली, एवढ्यावरून मायक्रोसिस्टिनचं नाव घेता येत नाही. शिवाय या सायनोबॅक्टेरियांच्या पोतडीत एकच विष नसतं. मायक्रोव्हिरिडिन नावाचं एक आहे, ते डॅफ्नियाला कातच टाकू देत नाही.

म्हणून मी चार बरण्या मांडायला लावतो. एकीत दोन दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी. दुसरीत तेच तळ्याचं पाणी, पण गाळणकागदातून गाळलेलं. पेशी जिवंत असताना विष बहुतांशी पेशीच्या आत असतं, त्यामुळं या बरणीत माशांचा वास राहतो आणि विष बरंच कमी होतं. साय ताजी पाहिजे हं. कुजायला लागलेली असेल तर पेशी फुटून विष पाण्यात उतरलेलं असतं आणि ते कागदाला अडत नाही. तिसरीत न गाळलेलं पाणी. चौथीत गाळलेल्या पाण्यात तिसरीइतकंच हिरवं दिसेल एवढं साधं हिरवं शेवाळ, क्लोरेला चालेल. एकानं चौथ्या बरणीत स्पिरुलिनाची कॅप्सूल फोडून घातली होती. स्पिरुलिना हाही सायनोबॅक्टेरियाच, बाबा.

मग घाई न करता एकेक पिसू काचपट्टीवर घ्यायची. पारदर्शक अंगातून आतडं दिसतं. क्लोरेला खाल्लेलीचं हिरवंगार, भरलेलं. मायक्रोसिस्टिसच्या पाण्यातलीचं कधी अर्धं रिकामं, आणि शेपटाकडच्या नख्या पोटाखालच्या खोबणीतून चिकट गोळा पुन्हा पुन्हा झटकून बाहेर टाकताना दिसतात. एका मिनिटात किती झटके, हे मोजा. 'पिसू अस्वस्थ वाटली' यापेक्षा तो आकडा शंभरपट बरा.

बाकीच्या, ज्यांवर जास्त बोलायची इच्छा नाही

भांडी घासायच्या साबणानं धुतलेली बरणी वापरू नका, नुसत्या पाण्यानं दहा वेळा विसळा. नळाचं ताजं पाणी नको, क्लोरिन पिसवांना मारतं.

बरणी खिडकीत नको. एका बाजूनं उजेड आला की कळप त्यानुसार सरकतो. मी स्वतः सुरुवातीला आठवडाभर 'विष टाळणाऱ्या पिसवा' मोजल्या होत्या. सूर्य फिरला तशा त्याही फिरल्या, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

अंडी घेतलेली आई आणि कालचं पिल्लू एकाच बरणीत घालून सरासरी काढू नका. जगभर चालणाऱ्या प्रमाणित चाचणीत २४ तासांच्या आतली पिल्लं घेतात, ४८ तास ठेवतात आणि विषाच्या प्रत्येक पातळीला किमान २० जीव असतात. तुमचे तीन जीव म्हणजे प्रयोग नव्हे, किस्सा.

पिसू हलत नाही म्हणजे मेली नव्हे. त्याच चाचणीत बरणी हळूच हलवून १५ सेकंद थांबतात, तरीही पोहली नाही तरच ती 'निश्चल' धरतात. सॅक्सिटॉक्सिनसारखं नसांवर चालणारं विष असेल तर लुळी पडलेली डॅफ्निया स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर पुन्हा पोहायला लागू शकते. तशी तिला संधी दिल्याशिवाय मेलेल्यांच्या रकान्यात टाकू नका.

नमुना एकाच जागचा नको. मायक्रोसिस्टिस पेशीतल्या वायूच्या पोकळ्यांमुळं तरंगतं आणि वारा त्याला ढकलतो. पश्चिमेचा वारा असला की साय शहराच्या बाजूच्या काठाला दाटते आणि पलीकडं पाणी बऱ्यापैकी साफ दिसतं.

आणि "उकळून घेतलं सर, आता काही नाही"? मायक्रोसिस्टिन उकळण्यानं जात नाही. ब्राझीलमध्ये कारुआरू शहरात १९९६ साली डायलिसिसच्या पाण्यातून हे विष रुग्णांच्या रक्तात गेलं आणि ५० हून अधिक माणसं दगावली. हातमोजे घाला, कुत्र्याला ती साय चाटू देऊ नका.

तो डिकीवाला पोरगा यंदा पुन्हा आला होता. चार बरण्या, लेबलं, गाळणकागद, सगळं आणलं. पण तोवर पाऊस लागला आणि साय वाहून गेली. मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात ये. रात्री त्याचा फोन. "सर, एप्रिलमधलं थोडं पाणी फ्रीजरमध्ये ठेवलंय, ते चालेल?" म्हटलं, गोठलं की पेशी फुटतात, विष पाण्यात उतरतं, तो वेगळाच प्रयोग झाला, तोही करू. आधी सांग, बाटलीवर तारीख आणि जागा लिहिलीयस का?

पलीकडून बराच वेळ नुसता फ्रीजरचा आवाज येत होता.