जिताडा (चोणक) उडी मारतो आणि लीडर (गळाजवळचा जाड दोरा) कापून जातो, माझ्याकडे हे चाललं

रेवदंड्याच्या खाडीत जिताडा लागायचा, उडी मारून डोकं झटकलं की लाईन एकदम सैल आणि लूरच्या (नकली आमिषाच्या) वर लीडर खरवडून तुटलेला. जाड ब्रेड (विणलेली मुख्य लाईन) लावली, ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळला, तरी तेच, वैताग आला नुसता. कापतात ते दात नाहीत, कल्ल्याच्या झाकणाची कडा, ब्लेडसारखी असते (हाताने धरताना बोटं सांभाळा). आता 20 पाउंड ब्रेडला आधी 40 पाउंडचा मोनो (एकपदरी नायलॉन) लीडर, दीड हात, एफजी नॉटने (ब्रेड आणि लीडर जोडायची बारीक गाठ), मग लूर लूप नॉटने (सैल फास ठेवणारी गाठ), मग ड्रॅग ताणकाट्यावर (स्प्रिंगच्या वजनकाट्यावर) ओढून सव्वादोन किलोला. उडी दिसली की रॉडचं टोक खाली पाण्याकडे पण रीलिंग चालूच ठेवायचं, मासा परत पाण्यात गेला की रॉड आडवा धरून दाब द्यायचा. दर माशानंतर लीडरवर नख फिरवा, खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून नॉट नवीन.