गेमिंग पीसी तयार घ्यायचा की जोडायचा? आधी त्याचं पोट उघडून बघा

मित्राचा मेसेज येतो, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट. "हा घेऊ का? आय-सेव्हन आहे, १६ जीबी रॅम, आरटीएक्स, शिवाय लाईट्स पण भारी आहेत." दोन मिनिटांनी दुसरा, "की बिल्ड करू? पण मला जमेल का रे?" वर्षातून चार-पाच वेळा तरी हे होतंच आणि दर वेळी मी एकच सांगतो, जमेल का हे सगळ्यात शेवटी विचार. स्क्रू फिरवता येतो ना, मग जोडणं जमतंच. आधी बघायचं ते हे की त्या चकचकीत डब्यात नेमकं भरलंय काय.

तर पहिलं काम, जो तयार पीसी आवडलाय त्याच्या पार्ट्सची यादी कागदावर उतरवा. प्रोसेसर, कूलर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी (म्हणजे स्टोरेज), एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लाय, सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट, झाले आठ. प्रत्येकासमोर कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर. लिहायला बसलात की लगेच कळेल, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं नाव ठळक अक्षरात असतं, आणि खाली "६०० वॅट पॉवर सप्लाय", "हाय स्पीड एसएसडी" असलं काहीतरी मोघम. जिथे मोघम लिहिलंय तिथे पैसे वाचवलेत असं धरूनच चाला. विकणाऱ्याला सरळ विचारा, एसएमपीएसचं मॉडेल काय, मदरबोर्ड कुठला. सांगायला टाळाटाळ केली तर पुढचं वाचायची पण गरज नाही, तो पीसी सोडा.

आता यादी वाचायची कशी. इंटेलच्या प्रोसेसरवरच्या "आय-सेव्हन" ह्या शब्दाला एकट्याला काही अर्थ नाही. २०११ मधला आय-सेव्हन २६०० पण आय-सेव्हनच होता, आणि बाराव्या-तेराव्या जनरेशनचा साधा आय-फाईव्ह त्याला कुठल्या कुठे मागे टाकतो. पुढचा नंबर बघा, जनरेशन त्यात असते. ग्राफिक्स कार्डाचं तर विचारूच नका, एकाच नावाने दोन वेगवेगळी कार्डं विकली जातात. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीवालं आणि ६ जीबीवालं, वाटतं की फरक फक्त मेमरीचा, पण ६ जीबीवाल्यात कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, पण कमी आहेत, २५६० च्या जागी २३०४. ५०६० टीआय पण ८ आणि १६ जीबी दोन्हीत मिळतं आणि जाहिरातीत बरोब्बर तो आकडाच गाळलेला असतो. आणि आय-नाईनच्या शेजारी तळातलं ग्राफिक्स कार्ड दिसलं तर समजा की हा पीसी खेळायला नाही, नाव वाचून खूश होणाऱ्याला विकायला बनवलाय. गेमिंगसाठी साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के पैसा ग्राफिक्स कार्डात जायला हवा, हा माझा अंदाजपंचे हिशोब आहे पण बहुतेक वेळा चालतो.

रॅमची गंमत वेगळीच. ह्याच मित्राच्या आधीच्या तयार पीसीत गेम मधेच अडखळायचे, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) दिसायला ठीक पण फिरताना झटके. साईड पॅनल उघडलं तर १६ जीबीची एकच काडी आणि शेजारचा स्लॉट रिकामा. म्हणजे सिंगल चॅनल, बँडविड्थ (डेटा ने-आण करायची क्षमता) थेट निम्मी. ८-८ च्या दोन काड्या लावल्या असत्या तर फार तर थोडे जास्त पैसे पडले असते, पण एक काडी स्वस्त पडते आणि जाहिरातीत "१६ जीबी" तेवढंच दिसतं. तशीच दुसरी काडी आणून लावली नि झटके बऱ्यापैकी गेले. म्हणून विचारताना "रॅम किती" असं नाही, "काड्या किती" असं विचारा.

एसएमपीएसवर मात्र मी थोडा वेळ घेणार, कारण सगळ्यात जास्त काटकसर इथेच होते आणि सगळ्यात महागात पण हीच पडते. खराब एसएमपीएस जाताना एकटा जाईलच असं नाही, सोबत बोर्ड नाहीतर कार्ड घेऊन जाऊ शकतो. लोक "८० प्लस" चा स्टिकर बघून निर्धास्त होतात, पण ती खूण वीज किती वाया जाते ह्याची आहे, आतला माल किती टिकाऊ आहे ह्याची नाही. मॉडेलचं नाव टाकून रिव्ह्यू शोधा, एकही रिव्ह्यू सापडला नाही तर ते पण उत्तरच. दुसरं म्हणजे काही मोठ्या ब्रँड्सच्या तयार पीसीत मदरबोर्ड आणि एसएमपीएस नेहमीच्या मापाचे नसतातच, त्यांचा स्वतःचा आकार, स्वतःचे कनेक्टर. तीन वर्षांनी तुम्ही मोठं ग्राफिक्स कार्ड आणता, त्याला एसएमपीएस पुरत नाही, नवा एसएमपीएस बोर्डाला लागत नाही, नवा बोर्ड कॅबिनेटमधे बसत नाही. एक बदलायला गेलात नि सगळंच बदलावं लागलं. ओळखायची सोपी खूण, आतला फोटो मागा आणि बोर्डाच्या कडेला नेहमीचा २४ पिनांचा लांब कनेक्टर आहे का बघा. आणि बोर्डाचं मॉडेल सुट्टं विकत मिळतं का तेही शोधा. मिळत असेल तर बहुतेक चिंता नाही.

यादी झाली की दुसरं काम, तेच आठ पार्ट सुट्टे घेतले तर किती होतात ते मांडा. पीसीपार्टपिकर सारखं पार्ट्सची यादी मांडायचं ऑनलाइन टूल वापरा, कुठलं कशात बसत नाही ते पण तिथे कळतं. आणि हिशोब करताना विंडोज विसरू नका. तयार पीसीत ते बहुतेकदा आलेलं असतं, बिल्डमधे वेगळं घ्यावं लागतं, आणि जुन्या पीसीबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं त्यामुळे ते उचलून नव्यात टाकता येत नाही.

आता फरक बघा. यादीतले पार्ट चांगले असतील आणि तयार पीसी दहा टक्क्यांपर्यंतच महाग असेल तर मी डोळे मिटून तयार घ्या म्हणेन, ते पैसे जोडणी, टेस्टिंग आणि वॉरंटीचे समजा. वीस टक्क्यांच्या वर गेला तर जोडा. मधल्या पट्ट्यात तुमच्या स्वभावावर आहे, त्यावर येतोच. फक्त "बिल्ड नेहमी स्वस्तच" हे वाक्य आता डोक्यातून काढा. २०२१ मधे क्रिप्टो मायनिंग आणि चिपच्या टंचाईत सुटं ग्राफिक्स कार्ड मूळ किमतीत मिळणंच मुश्किल होतं, तेव्हा कित्येकांनी फक्त कार्डासाठी अख्खा तयार पीसी घेतला. २०२५ च्या शेवटाकडे एआय डेटा सेंटर्सची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले, अशा वेळी ज्या कंपनीकडे आधीच्या भावात घेतलेला साठा असतो तिचा तयार पीसी सुट्ट्या पार्ट्सपेक्षा स्वस्त पडू शकतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कोणी काय म्हणालं ते सोडा, आजचा भाव मांडा.

स्वभावाचं म्हणजे काय ते माझ्याच पहिल्या डीडीआर-फाईव्ह (रॅमची एक पिढी) बिल्डवरून सांगतो. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, लाईट्स लागले, स्क्रीन काळी. अर्धा मिनिट, एक मिनिट, काहीच नाही. बंद केला, रॅम काढून परत बसवली, पुन्हा तेच. असं तीन वेळा केलं, पोटात गोळा आलेला, वाटलं बोर्डच गेला. शेवटी वैतागून चालू तसाच ठेवून अंघोळीला गेलो, परत आलो तर बायोसचा, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जचा, स्क्रीन समोर. झालं होतं असं की पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमला ट्रेन करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात, आणि मी दर वेळी मधेच बंद करून ते पहिल्यापासून सुरू करायला लावत होतो.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर बिल्ड करा. हे वाचून घाम फुटला असेल तर तयार घ्या, त्यात कमीपणा काही नाही. कारण जोडणं अवघड नाहीये, बिघाड कुठे आहे ते शोधणं अवघड आहे. इंटेलच्या १३ व्या नि १४ व्या जनरेशनच्या वरच्या प्रोसेसर्समधे व्होल्टेजचा घोळ होता, कंपनीने २०२४ मधे तो मान्य केला, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी पण दोन वर्षं वाढवली. पण त्याआधी गेम बंद पडताना मेसेज काय यायचा, तर व्हिडिओ मेमरी संपली! लोक ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागले आणि दोषी होता प्रोसेसर. अशा वेळी तयार पीसी घेणाऱ्याने अख्खा डबा उचलून परत पाठवायचा, विषय संपला, फक्त तोवर हातात काहीच नाही. बिल्डवाल्याला आधी दोषी पार्ट शोधावा लागतो, पण पुढे तेवढाच पार्ट पाठवला की झालं, शिवाय सुट्ट्या पार्ट्सची वॉरंटी बऱ्याचदा लांब असते, चांगल्या एसएमपीएसची तर सात-दहा वर्षंसुद्धा.

मधला रस्ता पण आहे आणि मला तोच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पार्ट तुम्ही निवडायचे, जोडणी पैसे देऊन दुसऱ्याकडून. प्रत्येक पार्टचा खोका आणि बिल मात्र स्वतःकडे ठेवा, आणि जोडल्यावर बिलावरचा मॉडेल नंबर नि आतला नंबर जुळवून बघा.

स्वतःच जोडणार असाल तर पहिल्या वेळी चार-पाच तास धरा, व्हिडिओ समोर ठेवा. बाकी नेहमीच्या चुका तेवढ्या सांगतो: कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहतं, प्रोसेसरची ८ पिनांची वायर विसरते, आणि रॅम शेजारी-शेजारी लावतात, चार स्लॉट असतील तर साधारण दुसऱ्या आणि चौथ्यात लावायची. सॉकेटमधल्या पिनांना बोट लावू नका, वाकल्या की बोर्ड गेलाच.

आणि पीसी कसाही घेतलात तरी पहिल्या दिवशी हे कराच. तयार असेल तर चालू करायच्या आधी पॅनल उघडा, वाहतुकीसाठी आत फोम कोंबलेला असू शकतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टमधे नाही, ही चूक करून "पीसी स्लो आहे" म्हणणारे मी स्वतः पाहिलेत. विंडोजमधे रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते तो आकडा) बदला, १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर पडून राहतो नि कोणाला पत्ता नसतो. बायोसमधे एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू करा. मग तुमच्याकडचा सगळ्यात जड गेम दोन तास लावा, तापमान बघत बसा, आवाज ऐका, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोका टाकू नका.