पिंगला उत्तर येईना? आधी 'नाही' कोण म्हणतंय ते बघा

"वरचा प्रिंटर मेलाय, नवीन घिऊया," आण्णांनी रविवारी जाहीर करून टाकलं. हळदीच्या सौद्याची पट्टी छापायची होती. विश्रामबागेतलं आमचं घर दोन मजली, प्रिंटर वर, कॉम्प्युटर खाली. मी खालून १९२.१६८.१.२० ला पिंग मारलं, म्हणजे त्या पत्त्यावरच्या यंत्राला 'आहेस का?' असं विचारणारी कमांड दिली. हा पत्ता प्रिंटरवरच्या चिकटपट्टीवर मीच कधीतरी लिहिलेला.

विंडोजनं शेवटी सांगितलं, चार पाठवले, चार मिळाले, लॉस शून्य टक्के. इथंच माणूस फसतो. वरच्या ओळी वाचा. 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.७: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं होतं, आणि १.७ म्हणजे माझाच कॉम्प्युटर! नकार तोच देत होता आणि विंडोज तोही 'मिळाला' म्हणून मोजतं. याचा अर्थ त्या पत्त्यावर कुणी ओच देत नाही: यंत्र बंद, पत्ता बदललेला, नाहीतर ते दुसऱ्याच नेटवर्कवर.

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर गोष्ट वेगळी. लगेच 'एआरपी -ए' (arp -a) ही कमांड द्या; कुठल्या पत्त्यावर कुठलं यंत्र आहे, याची यादी ती दाखवते. त्या पत्त्यासमोर मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा कायमचा नंबर) दिसला तर यंत्र बहुधा जिवंत आहे, फक्त पिंगला बोलत नाही. (जुनी नोंद उरलेली असू शकते, म्हणून पिंग मारल्या मारल्या बघायचं.) समोर विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर संशय फायरवॉलवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या राखणदारावर घ्या. त्याच्या इनबाउंड (आत येणाऱ्यांसाठीच्या) नियमांत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'खालचा आयसीएमपीव्ही४ एको रिक्वेस्टचा (म्हणजे पिंगचाच) नियम फक्त प्रायव्हेट नेटवर्कपुरता चालू करा. अख्खी फायरवॉल बंद करू नका, बाई.

मोबाइलवरून पिंग करत असाल तर तो गेस्ट वायफायवर नाही ना, तेही बघा. गेस्टवाल्यांना घरातली यंत्रं सहसा दिसतच नाहीत.

आमच्याकडं काय निघालं? वर जाऊन प्रिंटरच्या स्क्रीनवर पत्ता बघितला, तर १९२.१६८.०.१०३. एक नाही, शून्य! वर रेंज येत नाही म्हणून भाऊजींनी दिवाळीत जुना राउटर लावून दिला होता. त्यानं आपला वेगळाच संसार, म्हणजे वेगळंच नेटवर्क थाटलेलं, आणि प्रिंटर त्यात जाऊन बसलेला.

त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे तो आपलं नेटवर्क न काढता मुख्य नेटवर्कचंच वायफाय देतो. तुमच्या राउटरला तो मोड नसेल तर त्याला मुख्य नेटवर्कमधला मोकळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि खालून आलेली केबल वॅनमधून (इंटरनेटच्या भोकातून) काढून लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) भोकात घाला. याच क्रमानं, नाहीतर मधेच त्याचं सेटिंगचं पान उघडेनासं होतं. मग मुख्य राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅकला १.२० राखून ठेवला आणि प्रिंटर बंद करून चालू केला.

पिंग गेलं, दोन मिलिसेकंद. पट्टी निघाली. आण्णांनी ती चष्म्याखाली धरली आणि म्हणाले, "शाई फिकी येतीया की गं."